दोनशेच्या जागी पंचवीस

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला जयवंता सोनकांबळेनं शिशाच्या डब्याचं झाकण उघडलं, लांब चिमट्यानं आतली कुपी उचलली आणि मोजणीच्या यंत्रात सोडली. आकडा स्थिर व्हायला दहा-बारा सेकंद लागतात. तो पंचवीसवर येऊन थांबला.

तिनं कुपी बाहेर काढली, यंत्र शून्यावर आणून तपासलं, कुपी पुन्हा आत सोडली. पुन्हा पंचवीस.

यायला हवे होते दोनशे. दोनशे मिलिक्युरी किरणोत्सारी आयोडीन, करंगळीच्या पेराएवढ्या एका कॅप्सूलमध्ये भरलेलं. थायरॉइडचा कॅन्सर शरीरभर पसरला की ही कॅप्सूल गिळायला देतात. आयोडीन त्या गाठी शोधत जातं, त्यांच्यात मुरतं आणि त्यांना आतून जाळतं. पंचवीसमध्ये काही जळत नाही.

"मॅडम, बॅटरीचा काही प्रॉब्लेम?" शेजारी उभ्या असलेल्या प्रथमेश साटमनं विचारलं. तो या विभागाचा तंत्रज्ञ. मुंबईचा, तिशीतला, हैदराबादला येऊन दोन वर्षं झालेला.

"यंत्र ठीक आहे. कुपीतच कमी आहे."

मलकपेठेतल्या या ट्रस्टच्या दवाखान्यात जयवंता सव्वीस वर्षं किरणोत्साराच्या सुरक्षेचं काम बघत होती. वडील नांदेडहून काचीगुड्याला रेल्वेत नोकरीला आले, ती इथंच वाढली, इथंच फिजिक्स शिकली. आठवड्याला सहा कॅप्सूल येण्याचे दिवस तिनं पाहिले होते. ही कॅप्सूल अणुभट्टीत तयार होते आणि साठवून ठेवता येत नाही, कारण दर आठ दिवसांनी तिचा जोर निम्मा होतो. देशातली भट्टी दुरुस्तीसाठी बंद पडली, परदेशातून येणारा माल आधी तिथल्या लोकांना पुरेना, आणि सहाच्या जागी पंधरवड्याला एक कॅप्सूल यायला लागली. यादीत एकोणीस माणसं होती.

आजची कॅप्सूल कोंडाबाईची होती. ती आयसोलेशनच्या एक नंबर खोलीत काल संध्याकाळपासून बसून होती.

विभागप्रमुख डॉक्टर श्रीकांत बर्वे आले, त्यांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढून डोळे चोळले. मूळचे पुण्याचे, साठीला आलेले, मऊ बोलणारे गृहस्थ.

"कंपनीनं जुना माल पाठवला," ते म्हणाले. "त्यांच्याकडे तरी कुठून येणार? तळाशी उरलेलं खरवडून देताहेत. तक्रारीचं पत्र टाका, जयवंताबाई. आणि त्या पेशंटला आजच थायरॉइडच्या गोळ्या परत सुरू करा. उगीच त्रास नको तिला."

ते गेले. प्रथमेशनं पत्र लिहायला संगणक उघडला. जयवंता मात्र कालचं रजिस्टर काढून बसली. डबा दवाखान्याच्या फाटकातून आत आला की बाहेरूनच मीटर लावायचा आणि आकडा लिहायचा, हा तिचाच नियम होता. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिनं स्वतः तो लावला होता. शिशातून जेवढा किरणोत्सार बाहेर पाझरायला हवा असं कंपनीच्या लेबलवर छापलं होतं, तेवढाच मीटरवर दिसला होता. आत पंचवीस असते तर सुई त्याच्या आठव्या हिश्शापुढं गेली नसती.

"प्रथमेश, पत्र राहू दे," ती म्हणाली. "काल हा डबा आत आला तेव्हा त्यात दोनशेच होते. गोळी इथं बदलली आहे."

२

कोंडाबाईला सांगणं आधी भाग होतं.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. चेहरा सुजलेला, मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर गोधडी. ही कॅप्सूल द्यायची तर चार आठवडे आधी थायरॉइडच्या गोळ्या बंद कराव्या लागतात. त्यात माणूस गारठतो, जड होतो, बोलताना शब्द सापडत नाहीत. आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूध बंद. कोंडाबाईनं हे सगळं यंदा तिसऱ्यांदा केलं होतं. एकदा विमान रद्द झालं होतं, एकदा माल दिल्लीतच अडकला होता. नवरा किशनराव सुलतान बाजारातल्या एका बँकेत शिपाई होता. तो बाहेरच्या बाकावर पिशवी घेऊन बसलेला असे.

"जय भीम, ताई," ती म्हणाली. "आणली का गोळी?"

"कोंडाबाई, आज नाही देता येणार. गोळी कमी भरली."

कोंडाबाईनं गोधडी अंगाभोवती ओढून घेतली. तिला हल्ली प्रत्येक गोष्ट समजायला वेळ लागे.

"मंग कधी?"

"बघते मी."

"मला वाटलं आज हुतंय," ती म्हणाली. "रातभर झोप नाही. बाजूच्या खोलीतला नळ सारखा वाहायलाय. संडासाचं पाणी दोन-दोनदा सोडायलेत. मी म्हणलं, सकाळ झाली की आपलंबी हुतंय."

जयवंतानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बाहेर आली. दाराशी सिस्टर उषा उभी होती. या दोन खोल्यांची देखरेख तिच्याकडे होती.

"दोन नंबरमध्ये कोण आहे?" जयवंतानं सहज विचारलं.

"कोणी नाही मॅडम. संडास तुंबलाय, कालपासून कुलूप घातलंय."

प्लंबर काम करत असेल, असं जयवंताच्या मनात आलं आणि ती पुढं गेली. डोक्यात एकच होतं, हरवलेली गोळी. दोनशे मिलिक्युरीची वस्तू कुणाच्या खिशात, कुणाच्या टेबलाच्या खणात राहिली तर भलतंच होऊन बसेल. तिनं मीटर घेतला आणि दुपारपर्यंत सगळा मजला पालथा घातला. कपाटं, कचऱ्याचे डबे, मोऱ्या, लिफ्टचा तळ. मीटर कुठंही वाजला नाही.

मग तिनं उमाजीला बोलावलं. उमाजी विमानतळावरून डबा आणणारा ड्रायव्हर, देगलूरकडचा, तिच्याच वयाचा. काल त्याला पाऊण तास उशीर झाला होता.

"आरामघर चौकात ट्रक उलटला होता बाई. हौ, उशीर झाला, मी नाही कुठं म्हणायलो? पण डब्याला हात नाही लावला. तुमी मला पैल्या दिवशी सांगितलं होतं, त्याला लेकरासारखं आणायचं पण छातीला नाही लावायचं."

"माहीत आहे उमाजी. फाटकात मीटर लावला तेव्हा माल बरोबर होता. तुझ्यावर काही नाही."

उमाजीनं टोपी काढून पुन्हा घातली. "मंग कायकू बुलाये?"

"फाटकातून आत आणल्यावर डबा कुणाकडे दिलास?"

"प्रथमेशसाबकडे. त्यांनी माझ्यासमोर तिजोरीत ठेवला."

तिजोरी म्हणजे लॅबमधलं शिशाचं कपाट. त्याच्या किल्ल्या तीन. एक जयवंताकडे, एक प्रथमेशकडे, एक डॉक्टर बर्व्यांकडे.

प्रथमेशला हे उमगायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, तुम्हाला मी वाटतोय का?"

"मला अजून कोणीच वाटत नाही. बस इथं. तू गणितात बरा आहेस. ही जी पंचवीसची कॅप्सूल आहे, ती दोनशेची असताना कधीची असेल?"

त्यानं कागद ओढला. "आठ दिवसांनी शंभर. सोळा दिवसांनी पन्नास. चोवीस दिवसांनी पंचवीस." तो थांबला. "आकडा बरोब्बर बसतोय. म्हणजे चोवीस दिवसांपूर्वी आलेली कॅप्सूल. तो मंगळवार होता."

"तू होतास तेव्हा?"

"नाही. मी त्या आठवड्यात मुंबईला होतो. आजोबा गेले होते ना. रविवारी गेलो ते पुढच्या सोमवारी आलो." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्यानं मान खाली घातली. तो सुटला होता, पण त्यामुळे उरलेल्या दोघांची नावं आपोआप पुढं आली होती, आणि त्यातली एक व्यक्ती त्याच्यासमोर बसली होती.

जयवंतानं त्या मंगळवारचं पान काढलं. पेशंट शिवराज बिरादार, वय एकाहत्तर, राहणार काचीगुडा. दोनशे मिलिक्युरी. तोंडावाटे दिली, सही डॉक्टर बर्वे. तीन दिवसांनी घरी सोडलं. सोडताना पेशंटपासून एक मीटरवर मोजणी केली, आकडा लिहिला. आकडा अगदी योग्य. दोनशे गिळलेल्या माणसाचा तिसऱ्या दिवशी यावा तसाच.

म्हणजे बिरादारांनी ती कॅप्सूल गिळली होती. मग तीच कॅप्सूल आज कुपीत कशी?

तिनं मोजणी करणाऱ्याची सही पाहिली. ती तिची स्वतःची होती.

३

शनिवारी सकाळी ती काचीगुड्याला गेली. मीटर तिनं कापडी पिशवीत घातला होता.

बिरादारांना घरी सोडलं तो शुक्रवार तिनं रात्रभर आठवला होता. त्या दिवशी अग्निशमनवाले पाहणीला आले होते आणि ती त्यांच्याबरोबर जिने चढत-उतरत होती. तिसऱ्या मजल्यावर उषा रजिस्टर घेऊन धावत आली. बिरादारांना न्यायला गाडी उभी आहे मॅडम, मोजणी सरांनी केली, हा आकडा, फक्त सही राहिली आहे. जयवंतानं उभ्या-उभ्या भिंतीला रजिस्टर टेकवून सही केली होती. सव्वीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल? तिनं मोजून पाहायचा प्रयत्न केला. हे एकदाच झालं होतं.

बिरादार रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते. स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. त्यांनी तिला ओळखलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"मी सगळे नियम पाळले बाई," ते आपणहून सांगू लागले. "वेगळं ताट, वेगळी खोली. नातू दीड वर्षाचा आहे, त्याला पंधरा दिवस जवळ घेतलं नाही. दाराशी येऊन रडायचा. मी म्हणायचो, बाबा, आजोबाच्या अंगात विस्तव आहे, लांब राहा. तुम्ही सात दिवस सांगितले होते, मी पंधरा केले. आपल्यामुळं लेकराला काही नको."

"चांगलं केलंत, काका. जरा मान वर करता?"

तिनं मीटर त्यांच्या गळ्याशी धरला, मग छातीशी, मग पोटाशी. साडेतीन आठवडे झाले तरी आयोडीन शिल्लक राहतं. ते गाठींमध्ये मुरलं असेल तर चांगलंच दिसतं, नसेल तरी लाळेच्या ग्रंथींशी, पोटाशी थोडी तरी टकटक होते. तिनं मीटरची सर्वांत नाजूक पट्टी लावली. घरातल्या फरशीवर आला होता तेवढाच आकडा त्यांच्या अंगावर आला.

त्यांच्या अंगात काहीही नव्हतं. कधीच गेलं नव्हतं.

"किती दाखवतंय?" त्यांनी विचारलं. "कमी झालंय ना?"

"हो काका. काही उरलेलं नाही."

"मग बरं आहे ना?"

सून चहाचे कप घेऊन आली, तेवढा वेळ जयवंताला मिळाला. तिनं कप हातात घेतला, दोन घोट घेतले आणि डॉक्टर लवकरच भेटायला बोलावतील एवढंच सांगितलं. नातू आता आजोबांच्या मांडीवर चढून बसला होता आणि त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होता.

रिक्षात बसल्यावर तिला उषाचे शब्द पुन्हा ऐकू आले. मोजणी सरांनी केली. ज्या माणसाच्या अंगात काही नाही, त्याच्यासमोर मीटर धरून योग्य आकडा लिहिता येत नाही. तो आकडा डोक्यातून लिहावा लागतो, आणि तसा आकडा काढायला जाणकार माणूस लागतो.

पण मग कालची नवी गोळी गेली कुठं? तिनं सगळा मजला शोधला होता. चादरघाटच्या पुलावर रिक्षा थांबली. खाली मुसी नदीचं काळं पाणी बघता-बघता तिच्या ध्यानात आलं की आपण काल चुकीची वस्तू शोधत होतो. आपण गोळी शोधत होतो. गोळी कुणी गिळली असेल तर ती सापडणार कशी? गिळलेल्या माणसाला शोधायला हवं. आणि गिळलेल्या माणसाला आपणच काय सांगतो? भरपूर पाणी प्या. संडासला गेलात की पाणी दोनदा सोडा.

ज्या खोलीचा संडास तुंबलाय तिथं पाणी दोनदा सोडायला कोण बसलं होतं?

४

आयसोलेशनच्या खोल्यांचं सांडपाणी थेट गटारात जात नाही. ते तळघरातल्या एका टाकीत साठवतात, त्यातला किरणोत्सार विझेपर्यंत. जयवंता आधी तळघरात गेली. टाकीवरचा मीटर बुधवारी जवळजवळ शून्यावर होता. आता त्याची सुई अर्ध्याच्या वर होती. गुरुवारी रात्रीपासून या टाकीत दोनशेच्या पेशंटचं पाणी येत होतं.

ती वर आली. उषा दोन नंबरच्या दारासमोर स्टूल टाकून बसली होती.

"दार उघडा, सिस्टर."

उषा उठली. तिनं किल्ली काढून कुलूप उघडलं. "मला सर म्हणाले, मोठ्या घरची पेशंट आहे, बोभाटा नको. मला बाकीचं नाही ठाऊक, मॅडम. बिरादारांच्या वेळीसुद्धा सरांनी चिठ्ठीवर आकडा दिला, तो मी तुम्हाला वाचून दाखवला. एवढंच."

दारात आणि भिंतींत शिसं भरलेलं होतं, म्हणूनच काल बाहेर मीटर वाजला नव्हता. दाराआड आणखी शिशाचा पडदा होता आणि पडद्यापलीकडे पलंगावर एक मुलगी. तेवीस-चोवीसची, गळ्यावर ऑपरेशनचा व्रण, मांडीवर लॅपटॉप. जयवंतानं मीटर पुढं केला. तो एवढा वाजला की तिनं आवाज बंद केला.

मुलीचं नाव मानसी देवधर. आई-वडील पुण्याचे, आता कोंडापूरला. गच्चीबावलीतल्या कंपनीत पहिलीच नोकरी. तिच्या दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी होत्या.

"तुम्ही चेक करायला आलात का?" तिनं विचारलं. "मी पाणी पितेय. चार बाटल्या झाल्या."

"छान. तुला कॅप्सूल कधी दिली?"

"गुरुवारी संध्याकाळी सातला. खरं तर मागच्या महिन्यातच मिळणार होती. पण मला डेंगी झाला, प्लेटलेट्स पडल्या, मग राहिलंच. यावेळी लकी ठरले. सर म्हणाले कोणीतरी आपला नंबर सोडला." तिनं लॅपटॉप मिटला. "मॅडम, ते कोण आहेत, मला सांगाल? मला त्यांना थँक्यू म्हणायचंय. आईपण विचारत होती."

पलीकडच्या भिंतीआड कोंडाबाई आपलं सामान पिशवीत भरत होती.

"नियमात बसत नाही," जयवंता म्हणाली आणि दार ओढून घेऊन बर्व्यांच्या खोलीकडे निघाली.

५

डॉक्टर बर्वे स्कॅन बघत होते. तिच्या हातातला मीटर आणि रजिस्टर बघून त्यांनी पडदा बंद केला.

"बसा, जयवंताबाई."

"मी बोलते, चुकलं तर सांगा," ती म्हणाली. "गुरुवारी चारला डबा आला, माल पुरा होता, म्हणून कंपनी आणि उमाजी दोघंही बाजूला झाले. शुक्रवारी सकाळी त्यात चोवीस दिवस जुनी गोळी निघाली. तिजोरीच्या किल्ल्या तिघांकडे. पण जुनी गोळी ज्यानं बाजूला ठेवली त्यानंच नवी उचलली, आणि जुनी बाजूला ठेवली तेव्हा प्रथमेश मुंबईत होता. राहिलो तुम्ही आणि मी. बिरादारकाकांकडे जाऊन आले. त्यांच्या अंगात कणभर आयोडीन नाही. त्यांना तुम्ही काय गिळायला दिलंत?"

"रिकामी कॅप्सूल," बर्वे म्हणाले. "गिळायचा सराव करायला असतात त्यातली."

त्यांनी एवढ्या सहज सांगितलं की तिनं हातातला मीटर टेबलावर ठेवून दिला.

"त्यांच्या गाठी आता आयोडीन घेतच नाहीत," ते सांगू लागले. "स्कॅन कोरा आहे. दोनशे दिले असते तर दोन दिवसांत सगळं लघवीवाटे निघून गेलं असतं. पण यादी ठरवणाऱ्या तुमच्या कमिटीचा नियम. ज्याचं नाव आधी, त्याला आधी. मी कमिटीला तीनदा लिहिलं. ती कॅप्सूल मी दोन नंबरमधल्या मुलीसाठी ठेवली. आठवडाभरात तिची तयारी पूर्ण होणार होती. तिला डेंगी झाला. कॅप्सूल माझ्या डोळ्यांसमोर निम्मी झाली, पाव झाली. कोणालाच मिळाली नाही ती. तुम्हाला वाटतं मला झोप लागली असेल?"

तो नियम जयवंतानं भांडून करून घेतला होता. त्याआधी कुणाच्या ओळखीनं, कुणाच्या फोननं नंबर लागत असत, आणि किशनरावसारखी माणसं बाकावर बसून राहत.

"कोंडाबाईचा स्कॅन कोरा नव्हता, सर."

"नव्हता." बर्व्यांनी मान हलवली. "तिच्या गाठींनी थोडं घेतलं असतं. तिला दोन वर्षं मिळाली असती, कदाचित तीन. ही मुलगी पूर्ण बरी होईल. चाळीस-पन्नास वर्षं जगेल. एक कॅप्सूल, दोन माणसं. मी जात पाहिली नाही, गाव पाहिलं नाही. मी या मुलीच्या आई-वडिलांना ओळखतसुद्धा नाही."

"मग कोंडाबाईला हे तोंडावर का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि तिच्या डब्यात जुनी गोळी ठेवलीत. ती मी तशीच दिली असती तर?"

"तुम्ही मोजल्याशिवाय देत नाही. त्या भरवशावरच ठेवली. डबा रिकामा निघाला असता तर चोरी झाली असती. कमी निघाला तर कंपनीवर जाणार, आणि हल्ली कंपनीबद्दल काहीही सांगितलं तरी कोण खरं मानणार नाही? तिला वाया जाणारी गोळीही मिळू नये आणि तिची औषधं लगेच सुरू व्हावीत, एवढं मी पाहिलं." त्यांनी तिच्या हातातल्या रजिस्टरकडे बोट केलं. "तिथं तुमचीही सही आहे. मोजल्याशिवाय केलेली. ते एकदा घडलं म्हणून मला पुढचं करता आलं."

"माहीत आहे मला."

"तुम्ही आता मुंबईला अणुऊर्जेच्या नियामकांना कळवणार."

"हो."

"कळवलंत तर ते विभागाला सील लावतील. परवाना जाईल. पुढची कॅप्सूल या पंधरवड्यात येते आहे, ती येणार नाही. यादीतली एकोणीस माणसं कुठं जाणार? बाकीच्या दवाखान्यांनी नवी नावं घेणं कधीच बंद केलंय. मी राजीनामा देतो, आज देतो. तुम्ही फक्त लिहू नका."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर बाकावर माणसं मांडीवर फायली घेऊन बसली होती.

न लिहिलं तर येणारी कॅप्सूल कोंडाबाईला मिळेल. आणि त्याच्या पुढची? ती कुणाला, हे कोण ठरवणार, आणि रजिस्टरातल्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? बिरादारांना कोण सांगणार की तुमच्या अंगात विस्तव नव्हता?  बर्व्यांनी घाई केली नाही. शेवटी ती उठली, आपल्या टेबलाशी गेली आणि लिहायला बसली. पहिल्या परिच्छेदात तिनं आपल्या सहीबद्दल लिहिलं.

६

सोमवारी मुंबईहून दोन अधिकारी आले. त्यांनी सौजन्यानं सगळं पाहिलं, रजिस्टरं ताब्यात घेतली आणि लॅबच्या दाराला सील लावलं. बर्वे निलंबित झाले. जयवंताचा कामाचा बिल्लाही काढून घेतला. चौकशी संपेपर्यंत दवाखान्याला किरणोत्सारी माल मिळणार नव्हता, आणि चौकशीला किती महिने लागतील हे कुणी सांगितलं नाही. भट्टी वर्षअखेर सुरू होईल असं आधी म्हणत होते, आता तेही म्हणेनासे झाले होते.

बिरादारांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, नातवाला घेऊ नका असं मग कामून सांगितलं?

गुरुवारी दवाखान्यानं यादीतल्या लोकांना त्यांच्या फायली परत दिल्या. जयवंता फाटकाशी उभी होती. तिला आत जायची परवानगी नव्हती, पण तिला घरी बसवेना. किशनराव आणि कोंडाबाई सावकाश बाहेर आले. गोळ्या सुरू झाल्यामुळे तिची सूज थोडी उतरली होती. खोकला मात्र वाढला होता.

जयवंतानं त्यांना काही न लपवता सांगितलं. गोळी कुणी घेतली, कुणाला दिली, आपली चूक कुठं झाली. रस्त्यावरून बस जाताना थांबायची, मग पुन्हा सांगायची.

"त्या मुलीचा स्कॅन काल दुसऱ्या दवाखान्यात झाला," ती शेवटी म्हणाली. "औषध नीट लागलंय. ती बरी होईल."

"ते मला कामून सांगायलात, ताई?" कोंडाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

 मानसीनं मागितलं होतं ते नाव जयवंतानं अजून दिलं नव्हतं, आणि ते द्यायचं नाही हे आता तिनं ठरवलं.

किशनरावनं फाईल पिशवीत घातली. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि तो शब्द जुळवत होता.

"ताई, राग मानू नका. तुमी ते कागद मुंबईला धाडले नसते, तर पुढच्या खेपेला हिचा नंबर लागला असता का?"

ती खोटं बोलू शकली असती. त्याला खरं-खोटं कळायला काही मार्ग नव्हता.

"लागला असता," ती म्हणाली.

किशनरावनं मान डोलावली. रस्त्यावर जाऊन त्यानं एक रिक्षा थांबवली, कोंडाबाईला दंडाला धरून आधी आत बसवलं, तिच्या अंगावरचं लुगडं नीट केलं, मग स्वतः बसला आणि ड्रायव्हरला पत्ता सांगितला. रिक्षा चादरघाटच्या दिशेनं वळली. त्या दोघांनी मागं वळून पाहिलं नाही.